चालता धंदा विकत घेताय? मालक गेल्यावर काय उरतं ते आधी बघा

नोकरीला कंटाळलेल्या माणसाच्या डोक्यात येणारे धंदे बहुतेक ठरलेले असतात. कॅफे, कोकणात होमस्टे, मुळशीकडे अर्धा एकर, नाहीतर मित्राबरोबर एखादं ॲप. या सगळ्यांची सुरुवात शून्यापासून होते. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच डिपॉझिट, भाडं आणि पगार खिशातून जातात, आणि फ्लॅटचा हप्ता काही थांबत नाही. आणखी एक रस्ता आहे, त्याबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं: कुणीतरी वीस-पंचवीस वर्षं चालवलेला, आज नफ्यात असलेला छोटा धंदा मालकाकडून विकत घ्यायचा आणि स्वतः चालवायचा.

अमेरिकेत हा रस्ता चांगलाच मळलेला आहे. 'सर्च फंड' नावाची पद्धत तिथल्या बिझनेस स्कूलांच्या आसऱ्याने १९८४ पासून रुजली. एमबीए झालेला तरुण गुंतवणूकदारांकडून थोडे पैसे उचलतो, वर्ष-दोन वर्षं फक्त विकाऊ धंदा शोधतो, आणि सापडला की त्यांच्याच भांडवलावर तो घेऊन चालवायला बसतो. स्वतःच्या हिमतीवर घेणाऱ्यांसाठी एसबीए ही सरकारी संस्था आहे. ती ५० लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाच्या मोठ्या हिश्श्याची बँकेला हमी देते. घेणाऱ्याने साधारण १० टक्के रक्कम स्वतःची घालायची, उरलेलं दहा वर्षांत फेडायचं. तिकडच्या नातेवाइकाने असा धंदा घेतल्याचं ऐकून इथला माणूस तेच गणित पिंपरी-चिंचवडला लावायला जातो आणि तिथेच फसतो. इथला बँक मॅनेजर मशीन बघतो, गाळा बघतो, तुमचा फ्लॅट बघतो. 'पंचवीस वर्षांचं नाव' या गोष्टीवर तो सहसा कर्ज देत नाही.

बाकी विकणारे इथेही भरपूर आहेत. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत भोसरी, सातपूर, चिकलठाणा, शिरोली या पट्ट्यांत हजारो छोटी वर्कशॉप उभी राहिली. कुणी टेल्कोतून (आजची टाटा मोटर्स) बाहेर पडून एक लेथ टाकला, कुणी बजाजचं जॉबवर्क घेतलं. ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे. मुलगा म्युनिकला, मुलगी हिंजवडीत, आणि दोघांनाही कूलंटच्या वासात बसायचं नाही. मालक धंदा बंद करायला तयार नाही, कारण आत दहा-पंधरा माणसं आहेत. आणि विकायचं जाहीर करायलाही तयार नाही, कारण बातमी फुटली की आधी कामगार जातात, मग गिऱ्हाईक. म्हणून असे धंदे जाहिरातीत दिसत नाहीत. ते कळतात सीएकडून, टूल विकणाऱ्या डीलरकडून, जुन्या मशीनच्या दलालाकडून. आमच्याकडे मराठी माणसाने धंदा करावा की नाही यावर तीन पिढ्या वाद घातला गेला. मराठी माणसाने उभा केलेला धंदा पुढे कोणी चालवायचा यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही.

नफा नेमका किती?

समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. भोसरीत एक वर्कशॉप आहे: दोन सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), चार जुनी मशीन, बारा माणसं. वर्षाची उलाढाल १ कोटी ८० लाख. व्याज, घसारा (मशीनच्या झिजेपोटी हिशोबात धरलेला खर्च) आणि कर काढण्याआधीचा नफा ताळेबंदाप्रमाणे २२ लाख. मालक म्हणतो, "साहेब, कागदावर बावीस आहेत, खरे तीसच्या वर सुटतात."

तो अगदीच खोटं बोलत नसतो. छोट्या धंद्याचा ताळेबंद कर कमी लागावा म्हणून बनवलेला असतो. कधीच न येणाऱ्या बायकोच्या नावावर ४ लाख ८० हजार पगार पडलेला असतो. घरच्या गाडीचं पेट्रोल, विमा, मोबाइल असे आणखी २ लाख २० हजार. हे खर्च तुम्हाला येणार नाहीत, म्हणून ते नफ्यात परत मिळवायचे. झाले २९ लाख.

बरेच दलाल हिशोब इथेच थांबवतात आणि त्याला तिनाने गुणून ८७ लाख सांगतात. पण वजाबाकी अजून व्हायची आहे. गाळा मालकाचा स्वतःचा आहे, त्यामुळे भाडं कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही गाळा घेणार नसाल तर त्याचं भाडं द्यावं लागेल, वर्षाला ६ लाख धरा. उरले २३. मशीन झिजतात. मालकाने विकायचं मनात आलं तेव्हापासून दुरुस्तीवर हात आखडता घेतलेला असतो, हे जवळपास गृहीतच धरावं. नव्या मशीनसाठी वर्षाला ४ लाख बाजूला काढले की उरतात १९ लाख. आणि या १९ लाखांतून तुमचा पगार अजून निघालेला नाही. तुमच्या जागी पगारी मॅनेजर बसवला तर तो १२ लाख घेईल, म्हणजे धंद्याची स्वतःची कमाई ७ लाखच. बाकीची तुमच्या मेहनतीची मजुरी.

१९ ला तीनने गुणलं तर किंमत ५७ लाख येते. ८७ आणि ५७ मध्ये जो फरक आहे, त्यावरच सगळी घासाघीस होते. तीनपट हा आकडा काही शास्त्र नाही. एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या धंद्याला दोनपटही जास्त होईल, आणि वार्षिक करारांवर चालणाऱ्या, मालक महिनाभर गावी गेला तरी न अडणाऱ्या धंद्याला चारपट दिले तरी चालतील.

आता पैसे कुठून आणायचे ते बघू. मशीनची किंमत बँकेच्या व्हॅल्युअरने २८ लाख काढली. बँक त्यावर २१ लाख देते, ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता येतो महिन्याला ४६ हजारांच्या आसपास, वर्षाला साडेपाच लाख. २१ लाख तुम्ही पीएफ आणि म्युच्युअल फंडातून घालता. राहिलेले १५ लाख मालकाला तीन वर्षांत द्यायचे ठरतात, वर्षाला ५ लाख. १९ मधून साडेदहा गेले, उरले साडेआठ. रोजच्या खेळत्या पैशासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तशी उचल करायचं बँकेचं कर्ज, घेतलंत तर त्याचं व्याज आणखी दोन-अडीच लाख. हातात राहिले वर्षाला सहा लाख, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. तेही कर भरण्याआधी, कारण कर्जाचं व्याज खर्चात धरतात पण मुद्दल धरत नाहीत.

पहिली तीन वर्षं महिन्याला पन्नास हजार. २४ लाखांच्या पॅकेजवरून उठणाऱ्या माणसाने हा आकडा बायकोसमोर, किंवा नवऱ्यासमोर, कागदावर लिहून ठेवावा. तीन वर्षांनी मालकाचे हप्ते संपतात, पाच वर्षांनी बँकेचे, आणि मग तो धंदा खऱ्या अर्थाने तुमचा होऊन चांगले पैसे देऊ लागतो. तोवर गिऱ्हाईक टिकलं तर.

खेळतं भांडवल कोणाचं?

या व्यवहारातला सर्वात मोठा खड्डा किमतीत नसतो. तो उधारीत असतो. दीड-दोन कोटींच्या वर्कशॉपला पार्ट्या नव्वद दिवसांनी पैसे देतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, आणि आता तर उशीर करणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करातही वजा मिळत नाही. पण ज्या पार्टीवर निम्मं घर चालतं तिच्यावर दावा कोण लावणार?

१ कोटी ८० लाखांची उलाढाल आणि नव्वद दिवसांची उधारी म्हणजे कुठल्याही दिवशी ४५ लाख रुपये बाजारात अडकलेले. माल देणाऱ्यांची देणी ११ लाख धरली तरी ३४ लाख कुणाच्या तरी खिशातून लागलेले आहेत. आजवर तो खिसा मालकाचा होता. व्यवहारात जर असं ठरलं की जुनी येणी मालकाने वसूल करून ठेवून घ्यायची, तर तुमचं पहिलं बिल फाटल्यापासून तीन महिने तुमच्याकडे एक रुपया येणार नाही. बारा माणसांचा पगार, महावितरणचं बिल आणि स्टील मात्र पहिल्या महिन्यापासून चालू. जीएसटीसुद्धा पैसे आल्यावर नाही, बिल काढल्यावर भरायचा असतो. ऑक्टोबरच्या बिलाचा कर मासिक रिटर्न भरणाऱ्याने २० नोव्हेंबरपर्यंत भरायचा, आणि पार्टीचे पैसे येणार जानेवारीत.

म्हणून 'किंमत ५७ लाख' या वाक्याला अर्थ नाही. ५७ लाखांत काय काय, हे ठरलं पाहिजे: येणी धरून की सोडून, स्टॉक कोणत्या भावाने, आणि रॅकवर धूळ खात पडलेला मृत साठा कोणाच्या गळ्यात. तो साठा मालक खरेदीच्या भावाने लावतो. तुम्ही भंगाराच्या भावाने लावा आणि मध्ये कुठेतरी या.

नक्की विकत काय घेताय?

इथे थोडं कायद्यात शिरावं लागेल, कारण बोर्डावरचं नाव तेच असलं तरी आतला व्यवहार तीन प्रकारचा असू शकतो.

बहुतेक छोटे धंदे एकट्या मालकीचे असतात. कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा एकच. पॅन त्याचा, जीएसटी नंबर त्या पॅनवर, बँक खातं त्याचं. यातलं काहीच विकता येत नाही. तुम्ही घेता ती मशीन, स्टॉक, नाव आणि गिऱ्हाइकांची ओळख. तुमचा जीएसटी नंबर नवा निघतो आणि त्यातून जे होतं ते बाहेरच्या माणसाला सुचतही नाही: मोठ्या कंपनीने दिलेला व्हेंडर कोड (पुरवठादाराचा नंबर) त्या जुन्या नंबरावर असतो. नवा नंबर म्हणजे नवा व्हेंडर, म्हणजे नव्याने ऑडिट, नव्याने सॅम्पल मंजुरी, आयएसओचं प्रमाणपत्र नव्या नावाने. परचेसमधला माणूस एरवी मैत्रीत असतो, पण त्याच्या सिस्टीममध्ये तुम्ही पहिल्या दिवशी अनोळखी असता. मधल्या काळात ऑर्डर कोणाच्या नावाने येणार, हे सही करण्याआधी त्या कंपनीशी बोलून ठरवावं लागतं. आणि त्या कंपनीशी बोलू द्यायला मालक शेवटपर्यंत तयार नसतो. हा पेच सुटतो तो टप्प्याटप्प्याने: आधी टोकन, मग मालकाबरोबर जाऊन गिऱ्हाइकाची भेट, आणि भेट चांगली झाली तरच पुढची रक्कम.

भागीदारी असेल तर तुम्ही भागीदार म्हणून आत येता आणि जुने भागीदार निवृत्त होतात. फर्मचा पॅन तोच राहतो, व्हेंडर कोडचं दुखणं टळतं. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, तुम्ही येण्याआधी फर्मने केलेल्या व्यवहारांना तुम्ही स्वतः आपोआप बांधील होत नाही. पण फर्म बांधील असते, आणि फर्मची मशीन आता तुमच्या पैशाने घेतलेली आहेत.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर शेअर घ्यायचे. परवाने, करार, खाती जिथल्या तिथे. पापंही जिथल्या तिथे. सहा वर्षांपूर्वीची नोटीस, संचालकाने घरी नेलेलं कर्ज, न भरलेला टीडीएस, सगळं कंपनीबरोबर तुमच्याकडे येतं.

एकट्या मालकीचा धंदा घेतला म्हणजे मागचं सगळं धुतलं गेलं असं समजू नका. केंद्रीय जीएसटी कायद्याचं ८५ वं कलम सरळ आहे: धंदा हस्तांतरित झाला तर त्या दिवसापर्यंतचा थकलेला कर, व्याज आणि दंड याला विकणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार, मग तो कर नंतर काढला गेला तरी. भविष्य निर्वाह निधीची जुनी थकबाकी वसूल करतानाही दोघांना धरता येतं. यावर उपाय असा की किमतीतली काही रक्कम दोन-तीन वर्षं रोखून ठेवायची आणि जुनं काही निघालं तर त्यातून वळती करायची, असं करारात लिहायचं. वरच्या उदाहरणातले मालकाचे १५ लाख याच कामाचे आहेत. जो मालक म्हणतो 'पूर्ण रक्कम आजच हवी, मागचं काही निघणार नाही', त्याला हसून नमस्कार करावा.

पूर्ण चालू धंदा जसाच्या तसा हस्तांतरित केला तर त्या हस्तांतरणावर जीएसटी लागत नाही, सुटी मशीन विकली तर लागतो. जुन्या नंबरावरचं इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची शिल्लक वजावट) आयटीसी-०२ हा फॉर्म भरून तुमच्याकडे आणता येतं. आयकरात मात्र दोघांचं हित उलट आहे. मशीनवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, गुडविलपोटी, म्हणजे नुसत्या नावलौकिकापोटी, दिलेल्या पैशावर २०२१ च्या बदलानंतर काहीच मिळत नाही. त्यामुळे रक्कम जास्तीत जास्त मशीनवर दिसावी असं घेणाऱ्याला वाटतं. विकणाऱ्याचा सीए त्याच्या बाजूचं दुसरंच गणित घेऊन आलेला असतो. म्हणून तुमचा सीए वेगळा हवा. 'आपल्या दोघांना एकच सीए बरा' ही सूचना प्रेमाने येते, तरी नाकारावी.

कामगारांचं बघू. ग्रॅच्युइटी म्हणजे प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना २६ दिवसांचा धरतात. २२ वर्षं काम केलेल्या ऑपरेटरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २० हजार असेल तर त्याची रक्कम २ लाख ५४ हजारांच्या आसपास होते. असे पाच जुने हात असले तर पावणेतेरा लाख. छोट्या वर्कशॉपच्या ताळेबंदात याची तरतूद क्वचितच सापडते. माणसं तशीच पुढे घेतलीत तर त्यांची जुनी वर्षंही तुमच्या खात्यावर येतात, म्हणून ही रक्कम किमतीतून वजा करून घ्या किंवा मालकाला आधी चुकती करायला लावा.

जागा एमआयडीसीची असेल तर ती मालकीची नसते. ९५ वर्षांचा भाडेपट्टा असतो आणि तो नावावर करायला महामंडळाची परवानगी लागते आणि त्याचं शुल्क भरावं लागतं. औषधाचं दुकान घेणार असाल तर परवाना मालकाच्या नावाचा, तुम्हाला नवा काढावा लागतो. प्लेटिंग किंवा फाउंड्री असेल तर प्रदूषण मंडळाची संमती तपासा.

एका गोष्टीत कायदा घेणाऱ्याच्या बाजूने आहे. नोकरी सोडणाऱ्याला 'अमुक वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही' असं लिहून घेतलं तरी आपल्याकडे कोर्टात ते टिकत नाही. पण १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाला एक अपवाद आहे: ज्याने धंद्याचं गुडविल विकलंय त्याच्याकडून, वाजवी स्थानिक हद्दीत तोच धंदा पुन्हा न करण्याची अट घालून घेता येते. ती घालाच. जुना मालक चार महिन्यांत घरी बसून वैतागतो, आणि पलीकडच्या गल्लीत पुतण्याच्या नावाने लेथ टाकतो.

कागद खोटं बोलला तर कोणाला विचारायचं?

वर्कशॉपमध्ये नफा लपवता येतो किंवा फुगवता येतो, वीज नाही. महावितरणची छत्तीस महिन्यांची बिलं मागा आणि युनिट महिन्यावार मांडा. विक्री दीडपट झाली म्हणतात आणि युनिट आहे तिथेच आहेत, तर विक्री कागदावरच झालेली आहे. टर्निंगच्या कामात दुसरा साक्षीदार म्हणजे बोरिंग, मशीनखाली पडणारा धातूचा चुरा. तो किती किलो विकला जातो हे भंगारवाल्याच्या वहीत असतं, आणि भंगारवाल्याला ताळेबंद सजवायचं काही कारण नसतं. बारमधून किती टक्के चुरा निघतो हे कुठलाही जाणता ऑपरेटर सांगेल. त्यावरून कच्चा माल किती कापला गेला ते निघतं. मग जीएसटीचे रिटर्न पोर्टलवर मालकासमोर बसून उघडून बघायचे, बँकेचे उतारे बँकेतूनच आलेले घ्यायचे, आणि पार्ट्यांनी कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या विवरणाशी ताडायचा. पीडीएफ पाठवतो म्हणाला तर 'नको, येतो' म्हणा.

आणि मग ती जुनी गोष्ट येते: "वरचे काही नंबर दोनमध्ये आहेत, ते धरा ना." माझं मत स्पष्ट आहे. जो नफा सरकारला दाखवला नाही तो मलाही दाखवू नका, मी त्याचा एक रुपयाही मोजणार नाही. यात नीतीइतकाच व्यवहारही आहे. त्या नफ्यावर बँक कर्ज देणार नाही, तो खरा की खोटा हे तपासता येणार नाही. आणि किमतीतले काही रोख द्या म्हटलं, तर एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे.

आता मुख्य परीक्षा, जी कुठल्याच कागदात नाही. परवानगी काढून मालकाच्या केबिनमध्ये दोन-तीन अख्खे दिवस बसा आणि त्याचा मोबाइल कशासाठी वाजतो ते टिपत जा. सकाळी नऊला परचेसवाल्याचा: "भाऊ, दोनशे पीस संध्याकाळपर्यंत गाडीत पाहिजेत." मालक 'देतो' म्हणतो आणि कुठलं मशीन थांबवायचं ते डोक्यातच ठरवतो. अकराला स्टीलवाला: भाव वाढलाय, पण तुम्हाला जुन्या भावाने देतो. बाराला ड्रॉइंगचा व्हॉट्सअॅप येतो, मालक दोन बोटांनी मोठं करून बघतो आणि कॅल्क्युलेटर न लावता भाव सांगतो. दोनला व्हीएमसीचा स्पिंडल आवाज करतो, मालक उठून नुसता हात ठेवून सांगतो की बेअरिंग आहे. चारला ऑपरेटरची बायको, पोराच्या फीसाठी ॲडव्हान्स हवाय.

यातला प्रत्येक फोन उद्यापासून तुम्हाला घ्यायचा आहे. जुन्या भावाचं स्टील हे गुडविल आहे, पण ते त्या मालकाचं. पुढच्या महिन्यात स्टीलवाला तुम्हाला नवा भाव सांगेल आणि वर आगाऊ पैसे मागेल. कॅल्क्युलेटरशिवाय भाव सांगणं हे तर धंद्याचं काळीज, आणि त्याची कुठे फाइल नाही. दिवसाअखेर तुमच्या यादीतले निम्म्याहून अधिक फोन सुपरवायझरकडे वळवता येण्याजोगे असतील तर तुम्ही धंदा घेताय. सगळेच मालकाच्या डोक्यातले असतील, तर तुम्ही ५७ लाख देऊन दुसऱ्याची नोकरी विकत घेताय, आणि ती नोकरी करायला तो माणूस स्वतः उद्यापासून येणार नाही.

याच कारणाने मला वर्कशॉपपेक्षा कंटाळवाणे सेवाधंदे बरे वाटतात. लिफ्टची देखभाल, अग्निशामक सिलिंडर भरून देणं, सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या आणि पंप, पेस्ट कंट्रोल. तिथे सोसायटीशी वार्षिक करार असतो, काम टेक्निशियन करतो, आणि सेक्रेटरीला मालकाचं तोंडही माहीत नसतं. हॉटेलच्या वाटेला मात्र कॉर्पोरेटमधून आलेल्याने जाऊ नये असं माझं मत आहे. तिथे आचारी म्हणजे धंदा, आणि आचारी कुठल्याही करारात बसत नाही.

मालकाला सहा महिने ते वर्षभर सल्लागार म्हणून ठेवून घ्या, पण केबिन बदलून. तो त्याच खुर्चीत बसला तर फोन त्यालाच येत राहतील. जमलं तर त्याचा तो मोबाइल नंबरच व्यवहारात घ्या. वीस वर्षं शटरवर, बिलावर आणि पार्ट्यांच्या फोनमध्ये तोच नंबर आहे. पहिले काही महिने ईआरपी, केआरए, ड्रेस कोड असलं काही आणू नका. कॉर्पोरेटमधल्या दोनच सवयी इथे लगेच कामाला येतात: वसुलीचा तक्ता दर आठवड्याला बघणं, आणि प्रत्येक पार्टीवर खरंच किती सुटतं हे काढणं. दुसऱ्या कामातून बहुतेक वेळा असं निघतं की सर्वात मोठी, सर्वात जास्त ओरडणारी पार्टी तोट्यात आहे.

राजीनाम्याची घाई करू नका. पगारदार असेपर्यंत बँक तुम्हाला लाडाने कर्ज देते. स्वतःचा धंदा म्हटलं की दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते, म्हणून गृहकर्जाचं जे काही बदलायचं असेल ते पगाराची स्लिप हातात असतानाच उरकून घ्या. कंपनीचा मेडिक्लेम सुटणार, तेव्हा घरच्यांचा स्वतंत्र विमा आधी सुरू करा, कारण जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो. धंद्याच्या कर्जाला वैयक्तिक हमी मागतील, फ्लॅटही तारण मागतील. फ्लॅट द्यायचा की नाही हे घरात बसून ठरवा, बँकेत बसून नाही.

कर्जाचं मंजुरीपत्र आणि मालकाची सही, दोन्ही हातात आल्यावर राजीनामा द्यायचा. मग आयटीतली नव्वद दिवसांची नोटीस, जिला एरवी सगळे शिव्या घालतात, उपयोगी पडते. भोसरी-चाकणला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तुमचे शनिवार-रविवार मोकळे आणि वर्कशॉप दोन्ही दिवस चालू, त्यामुळे तीन महिन्यांत पंचवीसएक दिवस तुम्ही शॉपवर काढू शकता, पगार चालू ठेवून. त्यातले पहिले काही रविवार केबिनमध्ये नको, डिस्पॅचच्या टेबलाशी बसा. कुठला माल परत येतो ते तिथेच दिसतं.